निजामसागरच्या अलीकडं

लिंबाजी मेला असं एकदा ठरलं की त्याच्या थोरल्या भावाला, आण्णासाहेबांना, काय काय मिळणार, हे वाडीत सगळ्यांना तोंडपाठ होतं. नदीकाठची नऊ एकरांची काळी पट्टी लिंबाजीच्या नावावर होती आणि ती धरणाच्या बुडितात चालली होती. तिच्या बदल्यात खाली तेरच्या अंगाला, पाटाखाली जमीन मिळायची होती. पण कागदावर पट्टीचा मालक जिवंत होता आणि सही करायला जागेवर नव्हता. सोळा वर्षांमागं, श्रावणातल्या पुरात तेरणेनं त्याला नेलं, ते काठावरच्या दहा जणांनी पाहिलं होतं. मेलेला मात्र कुणी पाहिला नव्हता. म्हणून लिंबाजी जिवंत नव्हता आणि मेलेलाही नव्हता, तो 'वाहून गेलेला' होता. आणि तलाठ्याच्या वहीत असा रकाना नव्हता.

दुसरी मिळकत मानाची होती. धरणाची माती दोन्ही काठांनी चढत आली होती. मधे नदीला जाण्यापुरती वाट ठेवली होती, तिला सगळे घळ म्हणत. मिरगाच्या आत ती घळ बुजवायची, म्हणजे घळभरणी, येत्या गुरुवारी ठरली होती. बाहेरून मोठी माणसं येणार होती. बुडीत गावांच्या वतीनं हार घालणाऱ्यांच्या यादीत आण्णासाहेबांचं नाव पहिलं होतं, पण जमिनीचा गुंता न सुटलेल्या माणसाला पुढं कसं उभं करायचं, म्हणून साहेब लोक जरा कुरकुरत होते.

तिसरी मिळकत कुणी मोजली नव्हती, ती फक्त अंबादासनं मोजली होती. तो या घरातला धाकटा भाऊ, तेरच्या शाळेत मास्तर. त्याच्या लक्षात आलं होतं, की रोज सकाळी कस्तुराबाई, म्हणजे लिंबाजीची बायको, अंगणात सडा घालायला आली की थोरला भाऊ मान खाली घालून चपला शोधायला लागतो. चपला पायातच असायच्या. तिच्या कपाळावरचं आडवं ठसठशीत कुंकू बघायचं त्यांच्यानं होत नसे. लिंबाजीचा विधी झाला की ते कुंकू दिसायचं बंद होणार होतं.

बदली जमिनीत अंबादासचाही वाटा होता. पण हे तो मनातल्या मनातसुद्धा मोठ्यानं म्हणत नसे.

बैठक बसली ती सकाळची न्याहारी आटोपल्यावर. ओसरीवर घोंगड्या अंथरल्या होत्या. तेरहून राघवेंद्रभट आले होते. भावकीतले सगळ्यांत वडील म्हणून तात्या खांबाला टेकून बसले होते. बायका माजघराच्या उंबऱ्याच्या आत होत्या. पुढं आण्णासाहेबांची बायको सारजाबाई, तिच्या मागं पदर कपाळापर्यंत ओढलेली कस्तुराबाई, आणि दाराच्या फळीला पाठ लावून लीला. लीला पंधरा वर्षांची होती. बापाला पुरानं नेलं तेव्हा ती पोटात होती.

"बारा वर्षं वाट पाहायची असते, त्यावर चार झाली," राघवेंद्रभट म्हणाले. "आता पालाशविधी करता येतो. पळसाची तीनशेसाठ पानं, देठासकट. त्यांचा माणसाएवढा आकार मांडायचा, डोक्याच्या जागी नारळ. त्याला अग्नी द्यायचा. मग तिसऱ्या दिवशी राख सावडायची, दहावा, तेरावा, सगळं रीतसर."

"तीनशेसाठ?" तात्या म्हणाले. "लिंबा बुटका व्हता. तीनशेत भागंल."

हसू कुणालाच आवरलं नाही. खुद्द भटजींच्या उपरण्याआड काहीतरी हललं. मग सगळ्यांना एकदम आठवलं की आत कोण बसलंय. तात्यांनी आपलीच मांडी उगाच चोळली.

"गावानं विधी बघितला की तलाठी पंचनामा करतो म्हणलाय," आण्णासाहेब म्हणाले. "वारस म्हणून तिचं नाव लागंल. मंजी जमीन तिचीच. आमी काय लुटून न्हेत न्हाय. आज सोमवार. उद्या विधी केला तर बुधवारी कागद हुतो."

आतून कस्तुराबाईचा आवाज आला. तो बोलला मात्र सारजाबाईशी. थोरल्या दिराशी तोंडातोंडी बोलायचं नाही ही या घरची रीत होती, आणि लग्न होऊन आल्यापासून तिनं ती एकदाही मोडलेली नव्हती. घर लहान, ओसरी हातभर लांब. तिचा शब्द न् शब्द आण्णासाहेबांना ऐकू जाई, तरी सारजाबाईनं तो पुन्हा म्हटल्याशिवाय ते उत्तर देत नसत.

"आक्का, त्यास्नी सांगा, माजी ना न्हाय. पळसाची पानं बी म्याच तोडून आणते. फकस्त राख तेरणेत सोडायची, आन् ती वाहून जायला पायजे. थांबायला नगं."

"ती म्हणतीया, राख तेरणेत सोडा आन् वाहू द्या," सारजाबाई म्हणाली.

"त्यात काय? तेरणेतच सोडू," आण्णासाहेब म्हणाले. इतक्या स्वस्तात सुटका होईल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि तो आनंद त्यांना नीट लपवता आला नाही.

जिच्या आंगठ्यावर सगळा कागद अडलाय ती बाई एवढ्यावर थांबणार नाही, हे अंबादासनं ताडलं. वैशाखातली तेरणा त्यानं कालच तेरहून येताना ओलांडली होती, चप्पल न काढता. पात्रात वाळू होती, मधे हिरवट पाण्याचे चार-दोन डोह होते. राख सोडली तर डोहाच्या तळाला जाऊन बसणार.

कस्तुराबाईनं तेही धरलं होतं. "आक्का, आत्ता नदीला धार न्हाय. म्हून मिरगापतूर थांबा म्हणावं. पाणी आलं की विधी करू. मी कुठं पळून चालले न्हाय."

सारजाबाईनं हे पोचवायच्या आधीच आण्णासाहेब उसळले. "मिरगाच्या आत घळ बुजतीया! वरचं पाणी हितंच तुंबणार. खाली धार जायची न्हाय."

"मंग घळ यंदा बुजू नका म्हणावं."

"सरकारचं धरण हाय ते! माझ्या परसातला हौद हाय व्हय, बोळा काढला न् घातला?"

"मंग मी घळीत जाऊन बसते," कस्तुराबाई सारजाबाईला म्हणाली, भाजीला मीठ किती घालू असं विचारावं तशा आवाजात. "घाला म्हणावं माती."

बाई घळीत बसणार म्हणजे बसणार. सोळा वर्षांत तिनं एकही गोष्ट दोनदा म्हटली नव्हती.

"आगं पर येवढं काय हाय त्या वाहण्यात?" तात्या कळवळून म्हणाले. "राखच ती. मोटारीनं न्हेऊ नांदेडला, गोदावरीत सोडू. लोक सोडत्यातच की."

"तात्या, ते मोटारीनं गेले न्हाईत." तात्यांशी ती सरळ बोलू शकत होती. "ते ह्या पाण्यानं गेले. ह्याच वाटंनं समिंदराला गेले. त्यांच्या मागं राख बी त्याच वाटंनं गेली पायजे, तरच ती त्यांची. न्हायतर ती नुसती पानं." ती जरा थांबली. "अंबादास भावजी, तुमीच सांगितलं व्हतं ना मला? सांगा पुन्यांदा. सगळ्यास्नी कळू द्या."

अंबादासला वाटलं, भटजींनी आता काहीतरी मंत्र म्हणावा, किंवा गोठ्यातलं म्हसरू सुटावं.

त्यानं सांगितलं होतं हे खरं होतं. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. पूर ओसरून आठवडा झाला होता, आणि ही एकोणीस वर्षांची वहिनी, पाच-सहा महिन्यांची गरोदर, अन्नपाणी सोडून नदीकाठी बसून होती. म्हातारे समजावून थकले. मग हा भूगोलाचं पुस्तक घेऊन गेला, आणि ओल्या वाळूत बोटानं रेघ ओढून त्यानं दाखवलं, वहिनी, ही आपली तेरणा. ही औरादजवळ मांजरेला मिळते. मांजरा बिदरच्या बाजूनं खाली जाते, मग तिला काय वाटतं कुणास ठाऊक, वळून उलटी वर येते आणि गोदावरीला मिळते. गोदावरी तेलंगणातून पूर्वेला जाते, शेवटी तिला फाटे फुटतात आणि ती समुद्राला मिळते. वहिनीनं बराच वेळ त्या रेघेकडं बघून विचारलं होतं, "समिंदराला काठ असतोय का?" असतो, तो म्हणाला. "मंग मानूस कुठल्या तरी काठाला लागतच असंल." तो म्हणाला, हो. त्या संध्याकाळी ती जेवली होती.

रेघ ओढताना त्यानं एक गोष्ट वगळली होती. माहीत नव्हती म्हणून नव्हे. निजामाच्या शाळेत त्या एका गोष्टीवर आख्खा धडा होता, उर्दूत, आणि मौलवी मास्तरांनी तो छडीच्या धाकानं पाठ करून घेतला होता.

पुढं लीला त्याच्याच वर्गात पाचवीला आली. नकाशावर नदीवरून बोट फिरवताना एका निळ्या ठिपक्याशी तिचं बोट थांबलं. तिनं वर बघितलं. अंबादासनं फळा पुसायला घेतला. पोरगीनं पुस्तक मिटलं, आणि त्यावर काका-पुतणीत आजवर अवाक्षर झालं नव्हतं.

"सांगा की," कस्तुराबाई म्हणाली.

त्यानं सांगितलं. तेरणा, औराद, मांजरा, बिदर, उलटं वळण, गोदावरी. आत पदराखाली कस्तुराबाईचे ओठ त्याच्या बरोबरीनं हलत होते. दरसाल श्रावणात त्या दिवशी ती नदीत नारळ सोडायची आणि हीच नावं म्हणायची. तिचं तेच स्तोत्र होतं. लीला पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती.

"...आणि मग समुद्र," अंबादास म्हणाला.

"अंबादास," आण्णासाहेब म्हणाले, "मधलं सांग."

"मधलं काय?"

"तुला ठाव हाय."

अंबादासला तेव्हा फक्त एवढंच कळलं, की आपल्या भावाला बैठक जिंकायची आहे आणि हाताशी आलेला दगड त्यानं उचललाय. त्याला राग आला. पण मास्तर माणूस, उत्तर माहीत असताना नाही म्हणता येईना.

"मांजरेवर निजामसागर आहे, वहिनी."

"म्हंजी?"

"धरण. आपल्या इथं होतंय तसंच, पण दगडाचं आणि लई मोठं. मांजरा गोदावरीला मिळायच्या आधी. तिथं पाणी अडवतात, कालव्यांनी भाताला न् उसाला देतात. उरलं तर दारांतून खाली सोडतात."

"कधी बांधलं?"

"तुम्ही रांगत असाल तेव्हा."

"मंजी ते गेले तवा व्हतं."

"होतं."

सारजाबाईनं मागं वळून जावेकडं बघितलं. ही सारजाबाई 'कुनासाटी रंगवतीस गं कपाळ' असं येता-जाता विचारणारी. आज ती तिच्यासाठी थोडी बाजूला सरकली. कस्तुराबाई मात्र हलली नाही.

इथं आण्णासाहेब थांबते तर सगळं त्यांच्या मनासारखं झालं असतं. पण जिंकत आलेल्या माणसाला अजून थोडं जिंकावंसं वाटतं.

"कसला समिंदर आन् कसलं काय," ते म्हणाले. "वरून जे येतं ते समदं त्या भिंतीला लागतं. येवढाली बाभळीची झाडं, उभीच्या उभी, जाग्यावर गोल फिरत र्‍हातात. पांढरा फेस, आन् त्यात कडबा, मेलेली जनावरं, छपरं. दारातनं सुटतं ते निस्तं पाणी. बाकीचं अलीकडंच र्‍हातं."

बोलून झालं आणि त्यांचा हात मिशीवर जाता जाता मधेच थांबला.

धड्यात फिरणारी झाडं नव्हती, हे अंबादासला आठवलं. धड्यात भिंतीची लांबी होती, दारांची संख्या होती, आणि हुजूर निजामांची कीर्ती होती. पण त्याच्या आधी ते कस्तुराबाईला कळलं होतं. ती उठली. उंबऱ्यात आली. सारजाबाईकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"आण्णा, तुमी बघितलं?"

घरातली रीत एवढ्या साध्या शब्दांत मोडली, की सवयीनं सारजाबाईच म्हणाली, "ती इचारतीया, तुमी..."

"आलं ऐकू," आण्णासाहेब म्हणाले.

तात्यांनी पानाचा बटवा उघडला आणि तसाच मिटला.

"औरादपतूर हुडकत गेलता तुमी," कस्तुराबाई म्हणाली. "तितं ताप आला, म्हून एकोणीस दिवस लागले म्हणलात. तुमी आल्यावर आक्कांनी तुमाला काढा दिला."

"ताप न्हाय आला," आण्णासाहेब खाली बघून म्हणाले. "चालत व्हतो. काठाकाठानं. दिवस लई वाईट व्हते, रजाकारांचं भ्या, गावोगाव इचारपूस. म्या बैल हरवल्याचं सांगत गेलो. दिसंल त्या मानसाला इचारायचो, वरून काय आलं का वाहून? तसा धरणापतूर गेलो. तितं पाणीच थांबलं, मंग म्या बी थांबलो."

"आन्?"

"मासे धरणारा एक म्हातारा व्हता. त्याची बोली येगळी, पर दख्खनी समजायचा. म्हणला, ह्या पुरात अकरा आले. समदे बापे. काठाच्या माळावर पुरले, वर दगडं रचली. म्या लांबून ढिगं बघितली."

"एकांदं कापड? करदोडा? कायतरी ठिवलं असंल."

आण्णासाहेबांनी घोंगडीची एक दशी ओढून काढली.

"ठिवलं व्हतं. दोघा-तिघांचं. म्हणला, घरात हाय, आणून दावू का? म्या म्हणलं, नगं."

"काहून?"

"बघितलं असतं तर सांगावं लागलं असतं. तू गरवार. एकोणीस वर्साची. म्या म्हणलं, र्‍हाऊ दे. लागू दे कुंकू."

हे ऐकून तात्यांना भरून आलं आणि ते नाक ओढू लागले. भटजींनी मान डोलावली. घटकाभर आण्णासाहेब या घरातले सगळ्यांत थोर माणूस झाले. अंबादासलाही तसंच वाटलं, आणि वाटल्याबरोबर त्याला सकाळच्या त्या चपला आठवल्या.

"माझ्यासाटी न्हाय, आण्णा," कस्तुराबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माझ्यासाटी असतं तर आदूगर बघितलं असतंत, आन् मंग लपवलं असतंत. तुमी बघितलंच न्हाय. तुमाला भाऊ मेलेला नगं व्हता. तुमी त्याला माझ्या कपाळाला टांगून ठिवला. आन् आता जमिनीपायी खाली उतरवा म्हणता."

चौपन्न वर्षांचा तो धिप्पाड माणूस दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता.

बोलली ती सारजाबाई, आणि नवऱ्यावर अशी तुटून पडली की वाडीनं तसं कधी ऐकलं नव्हतं. "सोळा वर्सं! सोळा वर्सं म्या हिला टोचून खाल्लं, कुनासाटी नटतीस म्हून. आन् तुमी त्याच ताटावर बसून भाकरी मोडत व्हता, एका शबुदानं म्हणला न्हाईत की गप र्‍हा. तुमी गप, आन् पाप माझ्या जिभंवर?" ती उठली आणि उंबऱ्यात कस्तुराबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिचा हात धरावा की नाही हे तिला कळेना. मग तिनं तिच्या पदराचं टोक धरलं.

"देह पुरला गेला असेल तर," राघवेंद्रभट घसा खाकरत म्हणाले, "पालाशविधीचं तसं प्रयोजन राहत नाही. मात्र निश्चिती नसल्यामुळं..."

"भटजी, जरा गप बसा," तात्या म्हणाले.

"अंबादास भावजी," कस्तुराबाईनं विचारलं, "तितं जायला किती दिस लागतात?"

"तेरहून रेल्वेनं लातूर. पुढं मोटारीनं उदगीर, बिदर. तिसऱ्या दिवशी पोचतो आपण."

"मंग उद्या निघू. आण्णा, तुमी बी चला. ढिगं तुमीच दावायची."

"गुरुवारी घळभरणी हाय," आण्णासाहेब म्हणाले. हे त्यांच्या तोंडून सवयीनं गेलं, आणि गेल्यावर त्यांनाच त्याची लाज वाटली असावी, कारण ते लगेच उठून उभे राहिले. "किती वाजता निघायचं?"

"कागद आणा आदी," ती म्हणाली. "आंगठा आत्ताच देते. तुमच्या जमिनीला मी आडवी येनार न्हाय. तुमी आत्ता सांगितलं ते भटजींनी बी ऐकलंय, त्यावर पंचनामा तुमच्या माघारी तात्या करून घेतील, तितला विधी भटजी सांगतील तसा करू. पर कुंकू तितं पुसंल. हितं न्हाय."

आंगठा उठवताना तिनं शाई नीट लावून घेतली, कागद फिरवून कुठं लावायचा ते लीलाला विचारलं, आणि लावला.

*

चौघे गेले. आण्णासाहेब, अंबादास, कस्तुराबाई आणि लीला. कस्तुराबाईच्या मांडीवर तांब्याची कळशी होती. तोंडाला ओलं फडकं बांधलेलं, आत तेरणेच्या डोहातलं पाणी. मोटारीत कंडक्टर म्हणाला, बाई, खाली ठेवा. ती म्हणाली, हे ठेवायचं न्हाय. वाटेत पूल आला की अंबादास आपसूक मांजरा म्हणायचा आणि मग गप्प व्हायचा. बिदरच्या पुढं एकदा तीच म्हणाली, "आता वळली का ती उलटी?" तो म्हणाला, हो, इथंच कुठंतरी.

भिंत त्यांनी लांबूनच पाहिली. वैशाखात पाणी खोल गेलं होतं. दगडावर पुरांच्या उंचीचे पांढरे पट्टे एकाखाली एक उमटले होते. बाभळी फिरत नव्हत्या, फेस नव्हता. तलावाच्या काठी बगळे चिखलात उभे होते.

तो म्हातारा नव्हता. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याची सून भेटली. ठेवलेल्या वस्तूंचं तिला काही ठाऊक नव्हतं. मधे एकदा घर शाकारलं, जुनंपानं फेकलं, एवढंच ती हातवारे करून सांगू शकली. माळ मात्र तिला माहीत होता. पोरं तिकडं शेरडं न्यायची.

आण्णासाहेबांनी ढिगं दाखवली. अकरा होती. काहींचे दगड ढासळले होते, एकावर बोरीचं झुडूप आलं होतं.

"कंचं?" लीलानं विचारलं. बापाबद्दल तिनं आयुष्यात विचारलेला तो पहिलाच प्रश्न.

"ठाव न्हाय," आण्णासाहेब म्हणाले. त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं होतं. "तवा इचारलं असतं तर..."

कस्तुराबाईनं फडकं सोडलं. पहिल्या ढिगावर तिनं ओंजळभर पाणी घातलं, हात जोडले, आणि दुसऱ्याकडं गेली. अंबादासला वाटलं होतं, ती एक निवडील. बोरीचं झुडूप असलेलं, किंवा सगळ्यांत अलीकडचं. बायकांचं मन कुठल्या तरी खुणेला धरतं. तिनं निवडलं नाही. ओळीनं गेली. लीला तिच्या मागून प्रत्येक ढिगाचे ढासळलेले दगड उचलून वर ठेवत होती. नवव्या ढिगावर कळशी रिकामी झाली.

दोन राहिली. ती उभी राहिली. मग आण्णासाहेब पुढं झाले, तिच्या हातातून कळशी घेतली आणि उतार उतरून तलावाकडं गेले. चिखल होता. पाण्यापर्यंत पोचायला त्यांना गुडघाभर जावं लागलं. ते भरून आणून त्यांनी कळशी तिच्यापुढं धरली, आणि ती घेईना तेव्हा अंबादास हळूच म्हणाला, "वहिनी, ते पण..."

"ठाव हाय," ती म्हणाली. "तेरणेचंच हाय ते."

तिनं दहाव्यावर पाणी घातलं. अकराव्यावर घातलं. उरलेल्या पाण्यात अंगठा बुडवला आणि कपाळ पुसलं. एका झटक्यात नव्हे. दोन-तीनदा घासावं लागलं. रोजचं सोळा वर्षांचं कुंकू, त्याचा रंग कातडीत मुरला होता. मग दगडावर हात आपटून बांगड्या फोडल्या. आण्णासाहेब त्या सगळ्या वेळ तिच्या कपाळाकडं बघत होते. नजर खाली घेतली नाही.

त्याच दिवशी, गुरुवारी, तिकडं घळ भरली. पहिला हार दुसऱ्या कुणाच्या तरी हातून घातला गेला आणि छायाचित्रात आण्णासाहेब नाहीत. पंचनामा झाला, कस्तुराबाईचं नाव लागलं. पाटाखाली जमीन मिळाली. लीलाच्या लग्नपत्रिकेवर बापाच्या नावाआधी 'कैलासवासी' छापता आलं. सारजाबाईनं त्यानंतर कुणाच्याही कपाळावरून शब्द काढला नाही, आणि ती काही बोलत नाही म्हणून घरातले पाहुणे लवकर उठू लागले. अंबादासनं पुढं तीस वर्षं भूगोल शिकवला. तेरणा पाचवीच्या वर्गाला तो स्वतः शिकवत नसे, दुसऱ्या मास्तरांना सांगे.

वाडी म्हणते, किंमत एकट्या कस्तुराबाईनं दिली. ते बरोबरच आहे, पण पुरतं नाही. तिनं स्वतःपुरतं पाणी दिलं असतं तर एकाच ढिगावर दिलं असतं. तिनं अकरांचं दिलं. त्यांतले दहा कुणाचे होते हे कुणाला माहीत नाही. तेरणेच्या, मांजरेच्या काठाला कुठंतरी दहा घरं असतील. त्यांतल्या ज्या बाया अजून असतील, त्या सकाळी उठून सडा घालत असतील, आरशात बघून कुंकू लावत असतील, आणि आपल्या वाटचं पाणी कुणीतरी घालून गेलंय याचा त्यांना पत्ताही नसेल.